जमिनीखालचं पाणी: साठतं कुठं, चालतं कसं आणि संपतं का?

सिन्नरच्या पूर्वेकडच्या दुष्काळी गावात मी वाढलो. गेली काही वर्षं गावोगावच्या पाणलोटाच्या कामांवर फिरतो आहे. शिवारफेरीत, ग्रामसभेत, कधी थेट विहिरीच्या काठावर बसून लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाला धरून आहेत, कारण महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन त्याच खडकावर आहे.

जमिनीखाली नद्या आणि तळी असतात का?

आपल्याकडं नसतात. चुनखडीच्या प्रदेशात खडक विरघळून गुहा होतात आणि त्यांतून खरोखर ओढे वाहतात. पण आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तसा विरघळत नाही. "माझ्या शेताखालून नदी जाते" असं जे लोक सांगतात, ती नदी नव्हे. तो बहुधा भेगाळलेल्या खडकाचा एखादा पट्टा असतो. त्यात पाणी असतं, पण ते भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं, नाहीतर फुटलेल्या फरशीच्या चिरेत मुंगीच्या वाटेनं ओल सरकते तसं.

ही नदीची कल्पना डोक्यातून काढणं फार गरजेचं आहे. नदी म्हटलं की वरून कुठून तरी येत राहील असं वाटतं. आपल्या विहिरीचं पाणी कुठूनही येत नाही. ते आपल्याच शिवारात, आपल्याच डोंगरावर पडलेलं असतं.

मग खडकात पाणी राहतं कुठं?

हे पाहायचं असेल तर मे महिन्यात एखाद्या आटलेल्या विहिरीत उतरा. आमच्या जुन्या विहिरीचंच सांगतो. वर तीन-चार फूट काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, बोटानं टोकरला तरी सुटतो. मग मांजऱ्या: तांबूस-करडा, भोकाभोकांचा खडक. त्यातली काही भोकं रिकामी, काही पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. त्याखाली वीतभर रुंदीचा गेरूचा लाल पट्टा, भिंतीला कुणी कमरपट्टा बांधावा तसा सगळीकडून फिरलेला. आणि त्याच्याखाली काळा कातळ, पहारीला ठणकन आवाज देणारा.

आता झऱ्यांच्या खुणा बघा. पाणी जिथून पाझरतं तिथं पांढरट क्षार साचतात आणि शेवाळ वाळून काळं पडतं. आमच्या विहिरीत या खुणा विहीरभर विखुरलेल्या नाहीत. जवळजवळ सगळ्या मांजऱ्याच्या तळाशी, गेरूच्या थोड्या वर, एका ओळीत आहेत. त्यातही पश्चिमेच्या अंगाला जास्त, कारण डोंगर त्या बाजूला आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरांवर थर आले. थराचा वरचा भाग थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्याचा मांजऱ्या झाला. मधला भाग सावकाश निवला, त्याचा घट्ट कातळ झाला. दोन थरांच्या मधल्या शांत काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाली. तिच्यावर पुढचा थर आला, ती भाजली आणि गेरू झाली. पाणी साठवण्याचं काम मुख्यतः मुरूम आणि कुजलेला, चिरा पडलेला मांजऱ्या करतो. नुसती भोकं असून भागत नाही, ती एकमेकांना जोडलेली हवीत. न कुजलेल्या मांजऱ्याची भोकं प्रत्येकी बंद डबीसारखी असतात. कातळ कोरडाच असतो असंही नाही. त्याला उभ्या भेगा असतील तर त्या पाणी खाली पोचवतात. चिकण गेरू मात्र बहुतेक वेळा पाणी अडवतो.

पाणी साठवून ठेवणाऱ्या आणि विहिरीला ते देऊ शकणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात.

माझ्या विहिरीला पाणी आहे आणि शेजाऱ्याच्या बोअरला नुसती धूळ निघाली. असं का?

कारण भेगा सगळीकडं सारख्या नसतात. विहिरीचा घेर मोठा असतो. ती सात-आठ मीटर रुंदीत खडक कापते, त्यामुळे तिला पाच-सहा चिरा तरी सापडतात. बोअर म्हणजे सहा इंचांचं भोक. उभी भेग हातभर बाजूला असली तरी ते कोरडं जातं. म्हणून आपल्याकडं आटत आलेल्या विहिरीत आडवे बोअर मारतात. उभ्या भेगा गाठायला आडवी वाट बरी पडते.

दुसरं कारण डाईक. लाव्हा वर येताना उभ्या फटींत थिजला की जमिनीत लांबलचक दगडी भिंत तयार होते. धुळे-नंदुरबारकडं अशा भिंती मैलोन्‌मैल आहेत, काही तर जमिनीवरही उघड्या दिसतात. भिंत घट्ट असेल तर ती भुयारी बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. वरच्या अंगाची विहीर तुडुंब आणि खालच्या अंगाची कोरडी. तीच भिंत भेगाळलेली असेल तर उलट तिच्यातूनच पाणी धावतं.

पडलेल्या पावसातलं किती मुरतं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. भूजलाच्या सरकारी मोजदादीत कुजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या साधारण 7 टक्के, भोकाळ आणि भेगाळ बेसाल्टसाठी 13 टक्के मुरण धरलं जातं. बाकीचं वाहून जातं, वाफ होतं, पिकं आणि झाडं वापरतात.

पहिला पाऊस तर विहिरीच्या नावानं शून्यच. आधी मातीची तहान भागते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात त्यातून थोडं पाणी खाली जातं, पण माती फुगली की तोंड बंद. मुरमाड माळावर असं होत नाही. शिवारातली सगळ्यात हलकी, कुणालाही नकोशी जमीन पाणी मुरवण्यात मात्र सगळ्यात पुढं असते. म्हणूनच माळ सपाट करून तिथं काँक्रीट ओतताना मला फार वाईट वाटतं.

पाणी आत चालतं कसं आणि कुठल्या दिशेनं?

आधी खाली, मग उताराकडं. मुरलेलं पाणी चिरांतून उतरतं आणि जिथं सगळ्या चिरा-पोकळ्या पाण्यानं भरलेल्या असतात तिथं येऊन मिळतं. त्या भरलेल्या भागाची वरची कड म्हणजे भूजल पातळी. ती सपाट नसते. डोंगराखाली उंच आणि ओढ्याकडं उतरती, साधारण जमिनीच्याच वळणानं जाते. पाणी या उतारानं ओढ्याकडं सरकत राहतं.

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्यानं 1856 साली वाळूतून पाणी जिरवून याचा नियम मांडला. पातळीचा उतार जितका तीव्र आणि खडक जितका पाझरणारा, तितका प्रवाह जास्त. आजही भूजलाचा सगळा हिशेब या नियमावर चालतो.

वेगाचं म्हणाल तर साध्या थरांत दिवसाला काही सेंटिमीटर ते काही मीटर. मोठ्या भेगेत त्याहून बरंच जास्त. पाणी इतकं सावकाश सरकतं, म्हणूनच पाऊस थांबल्यावरही ओढा वाहतो. दसरा-दिवाळीत ओढ्याला जे निवळशंख पाणी दिसतं ते पावसाचं नसतं, डोंगरानं धरून ठेवलेलं आणि हळूहळू सोडलेलं असतं. आमची आजी म्हणायची, "संक्रांतीची धुणी ओढ्यावर व्हायची." आता नवरात्रातच ओढा कोरडा पडतो. पाऊस काही निम्म्यावर आलेला नाही. ओढ्याकडं सरकणारं पाणी वाटेतच विहिरी आणि बोअर उचलून घेतात.

गडावरची खोदीव टाकी उन्हाळ्यातही का भरलेली असतात, याचंही बऱ्याचदा हेच उत्तर असतं. दोन थरांच्या सांध्यावर पाझर बाहेर येतो आणि टाकं खोदणाऱ्यांनी तो नेमका हेरलेला असतो.

पातळी एक मीटर वाढली म्हणजे नेमकं किती पाणी आलं?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण सगळा गैरसमज इथंच आहे.

खडकातलं सगळं पाणी विहिरीत उतरत नाही. काही चिकटून राहतं. बेसाल्टमध्ये सुटून येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्के धरतात. दोन टक्के धरून चला. एक हेक्टर जमीन म्हणजे 10,000 चौरस मीटर. तिच्याखाली पातळी एक मीटर वाढली, तर हाती आलेलं पाणी 200 घनमीटर, म्हणजे 2 लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. तेवढंच.

तेच वाळूच्या गाळात सुटणारं पाणी 16 टक्के धरतात. तिथं त्याच एका मीटरात 16 लाख लिटर येतात. पंजाबातल्या गाळाच्या जमिनीची आणि आपल्या कातळाची तुलना म्हणूनच होत नाही. आपली विहीर पावसाळ्यात बघता बघता वर येते आणि फेब्रुवारीत बघता बघता खाली जाते, कारण भांडंच उथळ आहे.

आता पुढचा हिशेब. 600 मिलिमीटर पावसाच्या गावात एका हेक्टरवर 60 लाख लिटर पाणी पडतं. 7 ते 13 टक्क्यांनी मुरतं 4 लाख 20 हजार ते 7 लाख 80 हजार लिटर. एक हेक्टर उसाला विहिरीतून पाटानं, पाऊस वजा जाता, वर्षाला दीड कोटी लिटर दिलं, तर ते वीस ते पस्तीस हेक्टरांवर मुरलेलं पाणी झालं. दिलेल्यातलं काही परत मुरतं हे खरं. तरी बाकीच्या शेतांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो ग्रामसभेत मोठ्यानं विचारायला हवा.

खोल बोअर घेतला तर पाणी लागेलच ना?

लागेल किंवा नाही लागणार. पण लागलं तरी ते बहुतेक वेळा नवं पाणी नसतं.

आपल्याकडं खोल गेलं की चिरा कमी आणि अरुंद होत जातात, वरच्या वजनानं मिटलेल्या असतात. भरवशाचं पाणी वरच्या कुजलेल्या, भेगाळ भागात असतं. तीन-चारशे फुटांवर जे लागतं ते दोन थरांच्या सांध्यात किंवा एखाद्या भेगेत असतं. तिथं पाणी पोचायला वर्षानुवर्षं लागलेली असतात. काही वेळा बोअर वरच्या जलधराला खालून भोक पाडतो आणि विहिरीचं पाणीच त्यातून खाली उतरतं. शेजाऱ्याला वाटतं आपली विहीर अचानक आटली. अचानक काही झालेलं नसतं.

आमच्या घरी एका उन्हाळ्यात तीन बोअर घेतले. पहिल्याला सव्वादोनशे फुटांवर "दोन इंची लागलं" म्हणून नारळ फोडला. ते पाणी अठरा दिवस टिकलं. एका बंद भेगेत साठलेलं पाणी आम्ही उपसून काढलं होतं आणि तिला पुन्हा भरायला वाट नव्हती. पुढचे दोन्ही चारशेच्या खाली नेले. गाडीभोवती नुसता पांढरा फुफाटा. डाळिंबाची बाग गेली ती गेलीच. माझ्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून कुणी कर्ज काढून चौथा बोअर घ्यायला निघालं, की मी हात जोडून सांगतो: आधी शिवारातल्या विहिरींच्या पातळ्या बघा.

बोअरचं यंत्र वाईट नाही. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर हातपंपांनी गावंच्या गावं तगली. देशभर दिसणाऱ्या इंडिया मार्क टू हातपंपाच्या मुळाशी आपला सोलापूर पंप आहे. हंड्यानं उपसलेलं पाणी आणि साडेसात एचपीच्या मोटरनं रात्रंदिवस उपसलेलं पाणी, फरक तिथं आहे.

कोरड्या बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडावं का?

छतावरचं पाणी गाळून सोडायला हरकत नाही. शेतातलं किंवा रस्त्यावरचं गढूळ पाणी थेट सोडू नका. त्यातल्या गाळानं चिरा बुजतात आणि खत-औषधं मातीची गाळणी चुकवून सरळ जलधरात जातात. आणि जो बोअर कोरडा निघाला, त्याला चिरा लागल्याच नव्हत्या. तो पाणी देत नाही, तसा घेतही नाही. टँकरभर पाणी ओतून किती वेळात उतरतं ते आधी बघा.

पाणाडी सांगतो ते खरं असतं का?

हातावर नारळ उभा राहणं किंवा उंबराची काडी फिरणं, यांचा आणि खालच्या पाण्याचा संबंध नाही. काळजीपूर्वक घेतलेल्या चाचण्यांत तो टिकलेला नाही. पण गावातले जुने पाणाडी नकळत बरंच काही बघत असतात: उंबराचं झाड, उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली हरळी, ओढ्याचं वळण, शेजारच्या विहिरीतला खडक. ती नजर खरी आहे, तिचा मान ठेवा. विहिरीची जागा ठरवताना खडकाची विद्युत रोधकता मोजणारं सर्वेक्षण करून घ्या. तेही पाण्याची हमी देत नाही. खाली कुजलेला खडक किती खोलवर आहे एवढं सांगतं, पण पैसे घालण्याआधी तेवढं कळणंही मोलाचं आहे.

महाराष्ट्रात सगळीकडं असंच आहे का?

नाही. जळगावकडं तापीचा खोल गाळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरच्या पट्ट्यात डोंगरातून आलेल्या गोट्या-वाळूचे थर आहेत, ते पाणी पिण्यात पटाईत. त्याच पाण्यावर केळी उभी राहिली आणि उपसा वाढत गेल्यानं पातळी फार खोल गेली. सातपुड्यातून उतरणारं पाणी हेरण्याची कला तिथं जुनी आहे. शेजारच्या बऱ्हाणपुरात सतराव्या शतकात खोदलेल्या कुंड्यांच्या साखळीतून जमिनीखालून शहराला पाणी येत असे.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आहे. तिथं पाणी आहे, पण खारं. पिण्याला नाही, पिकाला नाही. विहिरीत पाणी दिसत असून तहानलेलं राहणं कसं असतं ते तिथल्या बायकांना विचारा.

कोकणात जांभा चाळणीसारखा. जांभ्यातून पाणी झरझर उतरतं, खालच्या चिकण मातीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणून अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसातही मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. तिथले मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे, तलाव शेतीबरोबर विहिरीही जगवतात.

नाला खोलीकरण आणि शेततळं यांनी भूजल वाढतं का?

नाला खोलीकरणाचं उत्तर खडकावर आहे. साठलेला गाळ काढलात तर फायदा. पण मुरूम फोडून कातळापर्यंत गेलात, तर काठाच्या जलधरातलंच पाणी नाल्यात झिरपून येतं. नाला भरलेला दिसतो, फोटो छान येतो आणि शेजारच्या विहिरी लवकर उतरतात. काम माथ्याकडून पायथ्याकडं व्हायला हवं: आधी डोंगरावर चर, मग ताली-बांध, शेवटी नाला.

प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं पाणी मुरवतच नाही. पावसाच्या पाण्यानं भरलं तर ठीक. विहीर-बोअर उपसून भरलं तर जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. ते तळं भरताना ज्याची विहीर उतरते, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागतं?

ते वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं. बदलते ती बाहेरची हवा.

माझ्या जमिनीखालचं पाणी माझंच ना?

1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण तसं धरून चाललो. खडकाला मात्र सातबारा माहीत नाही. तुमच्या विहिरीत उतरणारं पाणी वरच्या चार जणांच्या बांधाखालून आलेलं असतं.

महाराष्ट्रात 1993 च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मर्यादा आणली. पुढं 2009 चा भूजल कायदा आला. त्यात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं असून अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ती घ्यायला बंदीची तरतूद आहे. अंमलबजावणी किती होते ते बोअरच्या गाड्या रात्री कुठं उभ्या असतात त्यावरून कळतं. कायद्याची वाट न बघता काही गावांनी आपणच ठरवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असा नियम केला. दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून कुठली पिकं घ्यायची ते तिथं ठरतं.

मला स्वतःला काय मोजता येईल?

एक दोरी घ्या. टोकाला वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा. कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, मोटर चालू करण्याआधी. तारीख आणि आकडा वहीत. शेजारी पावसाचा आकडाही लिहा.

विहिरीला पाणी किती येतं हेही कळतं. विहिरीचा व्यास आठ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 50 हजार लिटर. मोटर बंद केल्यावर रात्रभरात पातळी किती वर आली ते मोजा. आली अर्धा मीटर, तर विहिरीची रात्रीची कमाई 25 हजार लिटर. आठवडाभर त्याहून जास्त उपसलं, तर पातळी उतरत जाणार.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती ते त्यांच्या जिल्हा कार्यालयात विचारा आणि तिचे आकडे आपल्या वहीशी ताडून बघा. गावातल्या दहा विहिरींच्या वह्या दोन वर्षं नीट ठेवल्या, की कुठली विहीर कुठलीच्या पाण्यावर आहे ते आपोआप दिसू लागतं. आमच्या शिवारात तसं दिसलं तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाच्या सहा जणांनी मिळून उन्हाळी कांद्याचं क्षेत्र कमी केलं आणि खालच्या वस्तीची पिण्याची विहीर त्या वर्षी मेअखेरपर्यंत चालली.